एकदाच. दोनदा नाही.

एप्रिलमधली दुपार होती. वाचनालयातले पंखे इन्व्हर्टरवर रडतखडत फिरत होते, स्पर्धा परीक्षेची पोरं पुस्तकावरच डोकं टेकून पेंगली होती, आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या कॉम्प्युटरसमोर एक मावशी बसल्या होत्या. उदगीरपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका खेड्यातल्या बचत गटाच्या त्या सचिव. पावत्या, ठराव, पासबुकाची पानं या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून त्या महिन्यातून एकदा इथे येतात आणि कॉम्प्युटरमध्ये नीट लावून ठेवतात, कारण तीन पावसाळ्यांपूर्वी गटाची जुनी वही वाळवीनं खाल्ली. मी देवघेवीच्या टेबलावर परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करत होते. मधूनमधून मान वर करून बघत होते. मावशी शांत बसलेल्या दिसत होत्या. डाव्या हाताचं बोट कॉम्प्युटर शिकणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या पुस्तिकेच्या पान चारवर, उजवा हात माउसवर. मला वाटलं, वाचतायत. असा पाऊण तास गेला. मग त्या उठून टेबलापाशी आल्या आणि पदरानं उजव्या हाताचं बोट पुसत म्हणाल्या, “ताई, आज राहू द्या. माझंच बोट नीट पडंना झालंय.”

मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिलं. ‘गट २०२३’ नावाचा फोल्डर निळा होऊन बसला होता. मी सवयीनं टकटक दोनदा क्लिक केलं, फोल्डर उघडला. मावशींनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग कागदाकडे. “ह्येच्यात तर एकदाच लिव्हलंय,” त्या म्हणाल्या. आणि माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, लगेच मला सांभाळून घेत पुढे म्हणाल्या, “माझंच वाचायचं चुकलं असंल.”

त्यांचं वाचायचं चुकलं नव्हतं. पान चारवर, जाड ठशात, मीच लिहिलेलं वाक्य होतं: ‘फोल्डर उघडण्यासाठी एकदाच क्लिक करा. दोनदा नाही.’

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर तो पाऊण तास येत राहिला. क्लिक केल्यावर त्या थांबत असणार. कॉम्प्युटर जुना आहे, उघडायला वेळ घेतो, हे त्यांना माहीत आहे. म्हणून पाच-दहा सेकंद वाट बघायची, मग पुन्हा एक क्लिक, पुन्हा वाट. दोन क्लिक कधी जवळजवळ पडलेच नाहीत, कारण ते पडू नयेत याची त्या जपून काळजी घेत होत्या. दुसऱ्या कुणी वैतागून बटण टकटकवलं असतं तर फोल्डर उघडला असता. लिहिलेल्यावर ज्यांनी विश्वास ठेवला, त्याच अडकल्या.

ते वाक्य मी २०२१ मध्ये लिहिलं. वाचनालय बंद होतं, घरात बसून दिवस जात नव्हता, आणि देणगीत आलेले सहा जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. जुन्या मशीनवर दुसरं काही नीट चालेना, म्हणून त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, आणि पडद्यावरच्या खिडक्या-चित्रांसाठी केडीई टाकलं. त्यातला फाइल मॅनेजर, म्हणजे फाइल आणि फोल्डर बघायचा-लावायचा प्रोग्रॅम, म्हणजे डॉल्फिन. लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा म्हणजे काय शिकवायचं, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. पत्र टाइप करणं, इंटरनेट, हे सगळे सांगतात. पण आपण ठेवलेली वस्तू आपल्यालाच परत सापडणं, तिला ओळखता येईल असं नाव देणं, दोन प्रती झाल्या तर खरी कोणती हे कळणं, हे कुणी बसून शिकवत नाही. म्हणून मी फक्त डॉल्फिनवर छत्तीस पानांची पुस्तिका लिहिली. एफ२ दाबून नाव बदलणं. एफ३ दाबून खिडकीचे दोन भाग करणं, म्हणजे डावीकडे मोबाइल आणि उजवीकडे गटाचा फोल्डर शेजारी-शेजारी दिसतात. पन्नास फोटो एकदम निवडून एफ२ दाबलं आणि नावात ‘पावती’पुढे ‘#’ हे चिन्ह टाकलं की त्या जागी आपोआप चढते आकडे येतात. फाइलच्या नावात तारीख लिहायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपसूक क्रमानं लागते. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची पाच आणि डिसेंबरची पाच गळ्यात गळा घालून बसतात.

आणि ते एकदाच क्लिक. केडीईत कितीतरी वर्षं फोल्डर एका क्लिकवर उघडत असे. २००८ मध्ये डॉल्फिन तिथला मुख्य फाइल मॅनेजर झाला, त्याच्या आधी कॉन्करर होता, तेव्हापासूनची ही रीत. विंडोजसारख्या दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्यांना ती खटकायची. पण मी ज्यांना शिकवत होते, ते कुठूनच आलेले नव्हते. त्यांनी माउस पहिल्यांदा इथेच धरला. ज्यांच्या बोटांनी आयुष्यभर तूर निवडली, कापूस वेचला, त्यांना एका जागी पटपट दोनदा टिचकी मारायला सांगून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या टिचकीच्या मध्ये हात जरासा सरकतो. कधी फोल्डर उचलला जाऊन शेजारच्या फोल्डरात पडतो, आणि मग ‘माझं सगळं गेलं’ म्हणून माणूस घाबरून हातच काढून घेतो. लायब्ररीत येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तर माउस दोन्ही हातांनी धरायच्या, पाट्यावरचा वरवंटा धरावा तशा. अशा हातांना एका क्लिकवर फोल्डर उघडून मिळणं ही केवढी मोठी सोय होती! म्हणून मी ते जाड ठशात लिहिलं होतं. पूर्ण पुस्तिकेत लिहिताना सगळ्यात आनंद झालेलं वाक्य तेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईची नवी आवृत्ती, प्लाझ्मा ६, आली आणि ही रीत बदलली. आता एका क्लिकनं फोल्डर फक्त निवडला जातो, उघडायला दोन लागतात. कारण समजण्यासारखं आहे. नव्यानं येणारी बहुतेक माणसं दोन क्लिकची सवय घेऊनच येतात, आणि केडीई देणाऱ्या काही वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, आधीच आपापल्याकडे दोन क्लिक लावून ठेवले होते. हवं तर सेटिंगमध्ये जाऊन जुनं परत करता येतं. आमचे सहाही कॉम्प्युटर मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नव्यानं बसवले, आणि ते बदललेली रीत घेऊनच उभे राहिले. मला कळलंच नाही. कळणार कसं? माझा हात दिवसभर वाचनालयाच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोनदा क्लिक करतो, आणि डॉल्फिनमध्येही तो आधीपासून सवयीनं दोनदाच पडत आला. जे मी लोकांना जाड ठशात सांगत होते, ते मी स्वतः कधी करतच नव्हते.

माझे वडील, आण्णा, औसा तालुक्यात तलाठी होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, पण दप्तराचा विषय निघाला की अंगात वारं भरतं. आमच्या लहानपणी घराच्या पडवीत लाल कापडात बांधलेले बस्ते असत. सोडले की जुन्या कागदाचा, खळीचा, थोडा उंदराच्या मुताचाही वास यायचा. आण्णांच्या आधीच्या पिढीतले शब्द त्यांच्या तोंडी अजून आहेत, मंडळ अधिकाऱ्याला ते गिरदावरच म्हणतात. त्यांच्या काळी जमिनीच्या कागदावर काही बदलायचं म्हणजे आधी गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या वहीत नोंद. मग संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस. तोवर सातबाऱ्यावर ती नोंद पेन्सिलनं. गिरदावरानं येऊन फेरफार मंजूर केला की पेन्सिलीवर शाई. आणि जुनं नाव कधी खोडायचं नाही. त्याला कंस करायचा, शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकायचा. जुनं नाव कंसात वाचता आलं पाहिजे, आणि ते आता लागू नाही हेही कळलं पाहिजे. लहानपणी मी आण्णांना विचारायचे की खाडाखोड का नाही करायची, तर ते म्हणायचे, खोडलं की आधी काय होतं ते जातं, आणि भांडण मात्र राहतं.

मावशींची गोष्ट मी आण्णांना जेवताना सांगितली. हसतील असं वाटलं होतं. ते भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून गप्प बसले. मग म्हणाले, “एक बाई होती.” ही गोष्ट त्यांनी आधी कधीच सांगितली नव्हती. नवरा वारलेला, वारसाची नोंद घ्यायची होती. आण्णांनी फेरफार घेतला, सातबाऱ्यावर पेन्सिलनं तिचं नाव लिहिलं, आणि मग पावसाळा, पंचनामे, निवडणुकीचं काम यात ते राहून गेलं. गिरदावराची सही झाली नाही, शाई फिरली नाही. खरिपाच्या कर्जासाठी ती सोसायटीत गेली तर कागदावर अजून मेलेल्या नवऱ्याचंच नाव. तीनदा हेलपाटा झाला. तिसऱ्यांदा आण्णांच्या पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, माझाच एखादा कागद कमी असंल.” आण्णा म्हणाले, “कागद कमी नव्हता. माझी शाई कमी होती. पण मी तिला तसं म्हणालो नाही. म्हणालो, बघतो.”

ते हात धुवायला उठले. मी ताटात बघत बसले.

त्यानंतर रोज संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर मी तासभर थांबू लागले. पुस्तिका उजव्या मांडीवर, डावा हात मुद्दाम माउसवर, म्हणजे सवयीचा हात मध्ये येणार नाही. एकेक वाक्य वाचायचं आणि त्यात लिहिलंय तेवढंच करायचं, जास्तीचं काही नाही. हे फार कठीण आहे. आपण लिहिलेलं वाचताना डोळा पुढे पळतो, हात त्याच्याही पुढे. पान दोनवर ‘वरच्या पट्टीतल्या व्ह्यू मेनूवर जा’ असं होतं. वर पट्टीच नव्हती. नव्या डॉल्फिनमध्ये मेनूची पट्टी लपलेली असते, उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचं बटण असतं, सगळं त्यात. कंट्रोल आणि एम दाबलं की पट्टी परत येते. पान नऊवर स्पेसच्या बटणाबद्दल काहीच नव्हतं, आणि २०२२ मध्ये तिथे एक सुरेख सोय आलीय: स्पेस दाबली की निवडण्याची पद्धत चालू होते, मग एकेका फाइलवर नुसतं क्लिक करत जायचं, कंट्रोलचं बटण धरून ठेवायची कसरत नाही. थरथरत्या हातांसाठी याच्यासारखी गोष्ट नाही. ती तीन वर्षं माझ्या मशीनमध्ये होती आणि माझ्या पुस्तिकेत नव्हती. चुकीचं वाक्य निदान अडकवतं तरी, म्हणजे कुणीतरी येऊन सांगतं. जे लिहिलंच नाही, त्याची तक्रार घेऊन कोण येणार?

चित्रं सगळ्यात आधी जुनी झालेली. पडद्याचे फोटो काढून मी हौसेनं छापले होते, बाण काढले होते. एकही चित्र आता पडद्यासारखं दिसत नाही. तरी ती काढून टाकायला जीव होईना, कारण ज्यांना पडद्यावरची इंग्रजी अक्षरं लागत नाहीत ते चित्रावरच चालतात. ‘स्प्लिट’ असं मी देवनागरीत लिहिते, पडद्यावर ते रोमनमध्ये असतं, मधला पूल म्हणजे चित्र. शेवटी पूर्ण खिडकीची चित्रं काढून टाकली आणि फक्त बटणांची छोटी चित्रं ठेवली. बटणं खिडकीपेक्षा सावकाश म्हातारी होतात.

शब्दांचाही विचार पुन्हा केला. पहिल्या खर्ड्यात मी फाइलला धारिका आणि फोल्डरला संचयिका म्हटलं होतं. शब्द चांगले आहेत, मला आवडतात. पण वाचनालयात एकाही माणसाच्या तोंडी ते कधी बसले नाहीत. मावशी फोल्डरला ‘फोल्डर’ म्हणतात आणि त्यांची सासू त्याला ‘डबा’ म्हणते. आण्णांना समजावताना मी बस्ता म्हणाले, तर त्यांनी लगेच विचारलं, बस्त्यात बस्ता बांधता येतो का? येतो, म्हटलं. “मग चांगलंय,” म्हणाले, “आम्हाला येत नव्हता.”

सगळ्यात मजेचं पान निघालं ते नाव बदलण्याच्या धड्याचं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे आठ फोल्डर करायचे, असा तो सराव आहे: औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. २०२३ मध्ये दोन नावं बदलली आणि मुलांनी ती माझ्या आधी बदलून टाकली. सरावाच्या कॉम्प्युटरवर ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘धाराशिव’ कधीपासून दिसत होते, पुस्तिकेत मात्र जुनीच. आता मी धडाच तसा केलाय. आधी जुनी नावं टाइप करा, मग एफ२ दाबून नवी लिहा, आणि बघा, आतल्या फायली जागच्या जागी आहेत की नाही. त्या असतात. नाव बदललं तरी आतलं हलत नाही, हे समोर दिसलं की लोकांची भीती जाते.

अडलं ते पान चारवरच. तिथे काय लिहायचं?

डॉल्फिनची मूळ माहितीपुस्तिका, केडीईची, मी मुळातून वाचायला घेतली. ती जगभरच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली आहे. तिचा कच्चा मजकूर डॉकबुक नावाच्या रूपात असतो, म्हणजे प्रत्येक मेनूच्या नावाला, प्रत्येक बटणाला, प्रत्येक किल्लीला दोन्ही बाजूंनी खुणा लावलेल्या, नांगरलेल्या शेतासारखा बांधबंदिस्त. बदल सुचवायचा तर कुणीही सुचवू शकतं, पण दुसरं कुणी तपासून हो म्हटल्याशिवाय तो आत जात नाही. फेरफारच की हा. भाषांतराची रीतही ओळखीची निघाली. वर इंग्रजी वाक्य, खाली आपल्या भाषेची जागा. इंग्रजी वाक्यात कुणी एखादा स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे केला तरी खालच्या भाषांतरावर ‘फझी’ असा शिक्का बसतो. वाक्य पुसलं जात नाही, तिथेच राहतं, पण माणसानं पुन्हा पाहून होकार देईपर्यंत ते लागू होत नाही, वाचणाऱ्याला इंग्रजीच दिसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अन्याय वाटला होता. एका स्वल्पविरामासाठी अख्खं वाक्य बाजूला! आता आण्णांची पेन्सिल आठवते आणि तेवढं वाईट वाटत नाही. भाषांतर आहे, पण शाई फिरलेली नाही. खात्री नसलेलं जाड ठशात छापण्यापेक्षा हे बरं.

अशा पुस्तिकेत सगळ्यांसाठी लिहावं लागतं. कुणाच्या मशीनवर एका क्लिकची सेटिंग, कुणाच्या दोन. तेव्हा वाक्य ‘तुमच्या सेटिंगप्रमाणे’ असं होणार, आणि तसंच व्हायला हवं. मी एक छोटी दुरुस्ती पाठवली होती, तीन ओळींची. तपासणाऱ्यानं एवढंच विचारलं, सेटिंग उलटी असेल तरी हे खरं राहील का? मी ते करूनच पाहिलं नव्हतं. करून पाहिलं, वाक्य बदललं, मग ते आत गेलं. त्या एका प्रश्नाबद्दल मला त्या अनोळखी माणसाविषयी मनापासून आदर वाटला. पण माझ्या पान चारवर मी ‘सेटिंगप्रमाणे एकदा किंवा दोनदा’ लिहू शकत नव्हते. ते कधीच खोटं ठरणार नाही हे खरं. पण सेटिंग म्हणजे काय हे मावशींना पान चारवर ठाऊक नसतं, ते पान एकोणतीसवर येतं. पहिल्यांदा माउस धरलेल्या माणसापुढे दोन वाटा ठेवल्या की तो दोन्ही सोडून मध्येच उभा राहतो. त्याला एक वाट हवी, आणि ती खरी हवी.

सहाही कॉम्प्युटरची सेटिंग परत एका क्लिकवर आणावी का? दोन मिनिटांचं काम होतं, आणि माझं आवडतं वाक्य वाचलं असतं. आठवडाभर मनात तेच घोळत होतं. पण मावशी फक्त इथेच बसत नाहीत. त्यांना ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रावर, मुलाच्या लॅपटॉपवर बसायचंय, आणि तिथे सगळीकडे दोन क्लिक आहेत. इथे एक शिकवून बाहेर पाठवणं म्हणजे त्यांना पुन्हा तिथे बोट पुसत बसवणं. सेटिंग तशीच ठेवली. वाईट वाटलं, अजून वाटतं. त्या थरथरत्या हातांची एक सोय गेली.

उत्तर मिळालं ते पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराकडून, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. पाचव्या कॉम्प्युटरच्या माउसचं डावं बटण मेलंय, नवा माउस मागवलाय पण आलेला नाही. तो पोरगा कुरकुर न करता बाणांच्या बटणांनी फोल्डरवर जायचा आणि एंटर दाबायचा. उघडला की पुढच्यावर, पुन्हा एंटर. मी त्याच्या मागे उभी राहून बघत राहिले. एंटरला सेटिंगशी काही देणंघेणं नाही. एक क्लिक असो, दोन असोत, निवडलेल्या फोल्डरवर एंटर दाबलं की तो उघडतोच. आणि एंटरचं बटण मोठं आहे, तिथे हात सरकण्याची भीती नाही, घाई नाही, हवं तेवढं थांबून दाबा.

मग वाक्य असं झालं: ‘फोल्डरवर एकदा क्लिक करा. तो उघडला नाही, नुसता निळा झाला, तर एंटर दाबा.’ दोन्ही सेटिंगवर, सहाही कॉम्प्युटरवर, डाव्या हातानं करून पाहिलं. रात्री आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. “निळा झाला तर,” त्यांनी पुटपुटून पाहिलं. “म्हणजे तिला काय दिसंल ते लिहिलंयस. आधी नुसतं काय करायचं ते लिहिलं होतंस.” मग विचारलं, “पेन्सिल का शाई?”

मे महिन्यात मावशी आल्या, तेव्हा नवं पान चार मी त्यांच्यासाठी काढून ठेवलं होतं. त्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारी स्टूल ओढून मीही बसले. माझ्या मनात बरंच काही म्हणायचं होतं, तोंडातून एवढंच निघालं, “मावशी, त्या दिवशी पुस्तकात चूक होती. मी चुकीचं लिहिलं होतं. तुमचं बोट बरोबर पडत होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. “बरोबर पडू लालतं म्हणता?” त्या म्हणाल्या. “तरीच. मी घरी जाऊन मोबाइलवर दाबून बघितलं, तिथं नीट पडू लालतं.” महिनाभर त्यांनी तो प्रश्न सोबत बाळगला होता. क्लिक केलं, फोल्डर निळा झाला, थांबल्या, कागदावर बोट ठेवून पुढचं वाचलं, एंटर दाबलं. पावत्या उघडल्या. त्यांनी पहिलीच पावती मोठी करून मला दाखवली, कुणीतरी घेतलेल्या शेळीच्या कर्जाचा शेवटचा हप्ता होता, आणि त्या बाईनं तो कसा कसा फेडला हे सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

नवी पुस्तिका छापून झाली. पण जुन्या चोवीस प्रती मी वाटल्या होत्या, त्यातल्या अकरा अजून बाहेर आहेत. कुणाकडे आहेत त्याची यादी माझ्याकडे आहे, आणि फोनवर सांगून भागेल असं वाटत नाही. ज्या प्रती हाती येतात, त्यांच्या पान चारवर मी ‘एकदाच’ या शब्दाला कंस करते, शेजारी नव्या वाक्याची चिठ्ठी चिकटवते आणि तारीख घालते. गेल्या रविवारी एसटीनं देवणीला गेले होते, तिथल्या एका शाळेत एक प्रत आहे. शिक्षकांनी कपाटातून काढून दिली. पानं खूप हाताळलेली होती, कडेला शाईचे डाग, कुठे चहाचं वर्तुळ. पान चार उघडलं. ‘दोनदा नाही’ यातल्या ‘नाही’ला कुणीतरी आधीच कंस केलेला होता, पेन्सिलनं, लहान मुलाच्या वळणाचा, नीट दोन्ही बाजूंनी. शिक्षकांनाही माहीत नव्हतं कुणी केला. मी पिशवीतून पेन काढलं आणि त्या कंसावर शाई फिरवली.